शस्त्रक्रियागृहातील सोवळे

मराठवाड्यातील गोरगरिबांना पोटाचे मोठे ऑपरेशन करावयाचे झाले की पाय घाटीकडे वळतात. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे त्यावेळच्या औरंगाबादेत, १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे हे रुग्णालय. विषमज्वराने आतड्याला छिद्र पडणे, क्षयाने आतडे आवळले जाणे, हे आपल्या देशातील जुने दुखणे. अशा शस्त्रक्रियेत सुरीपेक्षा अधिक भय असते ते आतड्यातील मळ पोटात किंवा जखमेत सांडण्याचे.

हे भय प्राचीनांनाही ठाऊक होते. जखमेतून बाहेर आलेले आतडे दुधाने धुवावे, तुपाने माखावे आणि नखे कापलेल्या वैद्याने ते आत सारावे, असे सुश्रुतसंहिता सांगते. जंतूंची वार्ताही नसताना नखे कापण्याचा आग्रह धरणाऱ्या त्या वैद्याचे आम्हांस राहूनराहून कौतुक वाटते.

पुढे ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी १८६५ पासून कार्बोलिक ॲसिडने जखमा निर्जंतुक करण्यास प्रारंभ केला व १८६७ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. रबरी हातमोजे मात्र रुग्णासाठी आले नाहीत. बाल्टिमोर येथील शल्यविशारद हॉलस्टेड यांच्या परिचारिकेचे, कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे, हात जंतुनाशक द्रवाने सोलवटू लागले, म्हणून १८९० च्या सुमारास त्यांनी ते करवून घेतले. १८९० मध्येच उभयतांचा विवाह झाला!

हात, हत्यारे, कपडे हे सारे निर्जंतुक करता आले; पण आतडे कसे उकळावयाचे? येथे शत्रू घरातलाच. १९७० च्या दशकात अमेरिकेतील निकोल्स व कॉन्डन यांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, आतडे रिकामे करण्याबरोबरच, तोंडावाटे प्रतिजैविके देण्याची पद्धत रूढ केली. नुसता रेच देऊन भागत नाही, हे पुढील अभ्यासांनी दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ साली तसेच सांगितले. परंतु आतडे फुटलेल्या अवस्थेत, खेड्यातून रात्री-अपरात्री आणलेल्या रुग्णाला आदला दिवस कोठला?

तेथे उरते ते शस्त्रक्रियागृहातील सोवळे. हा शब्द आम्ही जरा भीतभीतच वापरीत आहोत. माणसामाणसांत भिंती घालणारे सोवळे आम्हांस अभिप्रेत नाही. येथे विटाळ चिमट्याचा. आतडे उघडण्यापूर्वी जखमेच्या कडा झाकावयाच्या, दोन्ही बाजूंस चिमटे लावावयाचे, सांडलेला मळ तत्काळ ओढून घ्यावयाचा. आतड्याच्या आतील भागाला लागलेली हत्यारे वेगळ्या तबकात टाकावयाची, ती पुन्हा हाती घ्यावयाची नाहीत. या हिशेबावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवते ती हत्यारे हाती देणारी परिचारिका. आपल्या कितीतरी घरांतील मुली हेच काम करतात. घरी आल्यावर त्याविषयी फारसे बोलत नाहीत.

पोट शिवण्यापूर्वी सर्वांनी हातमोजे व हत्यारे बदलली तर काय होते, हे भारतासह ७ देशांतील ८१ रुग्णालयांत, १३,३०१ रुग्णांवर तपासले गेले. २०२२ साली निष्कर्ष आला: पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर जखमेत पू होण्याचे प्रमाण १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर उतरले. शंभरांत जवळजवळ तीन माणसे वाचली म्हणावयाची. पुन्हा दवाखाना नाही, कर्ज नाही, बुडालेली मजुरी नाही. त्यासाठी हवी होती हातमोज्यांची दुसरी जोडी, आणि ऐन वेळी कपाटात ती सापडावयास हवी.