वास गेला, वायू राहिला

आधीचे दिवस
सुरतच्या सचिन जीआयडीसीत सहा कामगारांचा जीव घेणारं रसायन पोलिस तपासानुसार निघालं ते मुंबईजवळच्या तळोज्यातून. सोडियम हायड्रोसल्फाइडचा टाकाऊ द्रव. त्याच्यावर प्रक्रिया करायची तर पैसे मोजावे लागतात, रात्री नाल्यात सोडला तर फुकटात काम होतं. सहा जीव या हिशेबानेच घेतले, असं माझं ठाम मत आहे.

५ जानेवारी २०२२, रात्र
सुरतेतल्या आमच्या पर्वत पाटियाच्या दक्षिणेला सचिन जीआयडीसी ही औद्योगिक वसाहत. लिंबायत, डिंडोलीतली खानदेशी माणसंही तिकडच्या मिलांत पाळीवर जातात. नाल्याच्या जवळच प्रिंटिंग मिलचे कामगार झोपलेले.

६ जानेवारी, पहाटे ४ च्या सुमारास
टँकरमधला द्रव नाल्यात सुटतो. अशा द्रवात आम्ल मिसळलं की हायड्रोजन सल्फाइड उठतो. हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत पसरतो, नेमका झोपलेल्याच्या नाकाच्या उंचीवर.

जाग्या माणसाचं नाक या वायूला फार तिखट. दहा कोटींत एक भाग असला तरी सडक्या अंड्यांचा दर्प कळतो. नाकाच्या छतातल्या गंधपेशींचे तंतू कवटीच्या चाळणीदार हाडातून थेट मेंदूकडे जातात. पण झोपेत ही वाट कामी येत नाही. २००४ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात झोपलेल्यांना पिरिडिनसारखा उग्र वास दिला, तरी गाढ झोपेतले उठले नाहीत. आवाजाने मात्र उठले.

पुढची काही मिनिटं
हवेत दहा लाखांत शंभर भाग वायू झाला की गंधपेशी बधिर होतात. जागा असलेल्यालाही वाटतं, गेला एकदाचा वास. प्रमाण सातशे-हजारांवर गेलं तर एक-दोन श्वास पुरे. वायू पेशींमधलं सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर अडवतो. रक्तात ऑक्सिजन असूनही पेशीला तो वापरता येत नाही. मेंदूला ही उपासमार सर्वांत आधी भोवते. मस्तिष्कस्तंभातलं श्वसनकेंद्र थांबतं आणि धडधाकट माणूस जागच्या जागी संपतो.

सकाळ
सहा कामगार गेले. वीसहून अधिक जणांना न्यू सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नेलं. अशा विषबाधेत ऑक्सिजन आणि कृत्रिम श्वास हाच मुख्य आधार. वाचलेल्यांपैकी काहींना पुढे डोकेदुखी, विसराळूपणा, वास न येणं असे त्रास राहू शकतात. त्यामुळे घरी सोडलेल्या कामगाराची तपासणी नंतरचे कित्येक महिने, मिलच्या खर्चाने, व्हायलाच हवी.