पवनेकाठची बांधकामे: चुना, सिमेंट आणि जीर्णोद्धार

पिंपळे गुरव हे पवनेच्या काठचे गाव. पलीकडच्या तीरावर कासारवाडी आणि दापोडी, खालच्या अंगाला सांगवी, आणि तिथून जवळच पवना मुळेला मिळते. आज हा सगळा पट्टा पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे आणि इमारतींच्या दाटीत एक गाव कुठे संपते नि दुसरे कुठे सुरू होते, हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. औद्योगिक शहर म्हणून पिंपरी-चिंचवडचे वय जेमतेम सत्तर वर्षांचे. पण या काठावर बांधकामाची परंपरा त्याहून कितीतरी जुनी आहे, आणि तिचा तारीखवार पुरावा चिंचवडला दगडात कोरलेला आहे.

चिंचवडच्या मोरया गोसावी समाधी मंदिरातील शिलालेखानुसार शके १५८० मध्ये, विलंबी संवत्सरात, कार्तिक शुद्ध द्वादशीला मंदिराचे काम सुरू झाले आणि विकारी संवत्सरात आषाढ शुद्ध चतुर्थीला ते पुरे झाले. इंग्रजी कालगणनेत ही वर्षे १६५८ आणि १६५९ येतात. या दोन तिथींमधून बांधकामाचा हंगाम स्पष्ट दिसतो. पाऊस ओसरल्यावर, नदी उतरल्यावर पाया खणायचा आणि पुढचा पाऊस जोर धरण्याआधी छत पुरे करायचे, हे या मुलुखातले गवंड्याचे पंचांग होते. मंदिर साधे आहे; कोरीवकामाचा बडेजाव नाही. घडीव काळा दगड आणि जाड भिंती यांवरच ते तगले.

त्या काळच्या कामाचे शास्त्र चुन्यात होते. चुनखडीचे खडे भट्टीत भाजून कळीचा चुना करण्याचे काम लोणारी समाजाकडे होते. तो चुना पाण्यात विझवून, वाळू किंवा विटांचा चुरा म्हणजे सुरखी घालून, बैलांच्या घाणीत दगडी चाकाखाली मळला जाई. चांगल्या कामात गुळाचे पाणी, बेलफळाचा चिकट गर, हिरड्याचे पाणी, तागाचे तंतू यांची भर पडे. दगड फोडणे वडारांकडे, घडवणे पाथरवटांकडे, भिंत गवंड्याकडे, खांब-तुळया सुताराकडे. सामान्य शेतकऱ्याच्या घराला मात्र चुना परवडत नसे. दगडी जोते, त्यावर मातीत रचलेल्या दगडांची किंवा कच्च्या विटांची भिंत, आत सोपा आणि माजघर, वर माळवद किंवा कौले, असे ते घर. घराचा आकार खणांत मोजत. दरवर्षी पावसाआधी माळवदावर माती टाकणे आणि कौले चाळणे हे काम ठरलेले असे. तेव्हा दुरुस्ती हा वेगळा व्यवसाय नव्हता, तो घर वापरण्याचाच एक भाग होता. जुनी घरे पुढे पडली त्यामागे सामग्रीच्या दुबळेपणापेक्षा ही वार्षिक देखभाल थांबणे हे मोठे कारण आहे.

वाडा ही याच पद्धतीची सधन आवृत्ती. दिंडी दरवाजा, देवडी, मध्ये चौक, भोवती ओसऱ्या, आणि भिंतीत दडवलेला लाकडी सांगाडा. इथे भार बहुतांशी खांब आणि तुळया पेलतात, भिंत फक्त आडोसा करते. म्हणून एखादी भिंत ढासळली तरी माळा उभा राहतो. आधुनिक काँक्रीटच्या सांगाड्याचे तत्त्व यापेक्षा फार निराळे नाही. कडीपाटाच्या जागी स्लॅब आली, एवढाच फरक म्हटला तरी चालेल.

इंग्रजी अमलातली या भागातली एक मोठी वास्तू दापोडीला होती. पेशव्यांच्या सेवेतील पलटणीचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याचा तिथला बंगला मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, १८२८ च्या सुमारास सरकारने घेतला. भोवती वनस्पती उद्यान होते आणि डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचे अधीक्षक होते. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांचा मृत्यू १८३८ मध्ये याच बंगल्यात झाला. पुढे १८६४ मध्ये मुळेपलीकडे गणेशखिंडीत जेम्स ट्रबशॉच्या आराखड्यावरून नवे राजभवन बांधायला घेतले, ते १८७१ मध्ये पुरे झाले, आणि दापोडीचा बंगला मागे पडला. दोन्ही वास्तूंची पुढची कथा बोलकी आहे. गणेशखिंडीच्या इमारतीत १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ आले. ती वापरात राहिली, तिला निधी मिळत राहिला, आणि २०१० नंतरच्या दशकात तिचे रीतसर जतनकामही झाले. दापोडीच्या वास्तूला असा वारस लाभला नाही. वास्तू टिकते ती तिच्या देखणेपणामुळे, हा समज इथे खोटा ठरतो.

१८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रेल्वे सुरू झाली. रेल्वेने गावांचे रूप लगेच बदलले नाही, पण मंगळुरी कौले, लोखंडी तुळया आणि पुढे सिमेंट आणण्याची वाट तिने मोकळी केली. खरा बदल स्वातंत्र्यानंतरचा. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन झाली. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाने भोसरीत भूखंड पाडले, बजाज आणि टेल्को आले. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आले, आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका. २००१ च्या जनगणनेत शहराने १० लाखांचा आकडा ओलांडला, २०११ मध्ये १७ लाखांचा.

एवढ्या माणसांना घर कोणी दिले? प्राधिकरणाने निगडी-आकुर्डीच्या बाजूला आखीव पेठा वसवल्या, पण कामगारांची मोठी संख्या त्या भूखंडांपर्यंत पोहोचली नाही. ती पिंपळे गुरव, सांगवी, रहाटणी, थेरगाव अशा गावांच्या शेतजमिनीत शिरली. शेतकऱ्याने अर्धा-एक गुंठा विकायचा, कागद नोटरीकडे करायचा, आणि घेणाऱ्याने ठेकेदार गाठून चार खांब उभे करायचे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यात असे तुकडे बसत नव्हते, विकास आराखड्यात तर नाहीच. १९८२ मध्ये सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. त्याआधी परमिटवर मिळणारी गोणी आता कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागली. मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांनी पिंपळे गुरवात घेतलेली जागा, आधी एक मजला, मग मुलांसाठी दुसरा, मग भाडेकरूंसाठी तिसरा, अशी वाढत गेली. सळया वर काढून ठेवलेली गच्ची हे या परिसराचे ओळखचिन्ह झाले. २००१ चा गुंठेवारी कायदा हा या वास्तवाला उशिराने दिलेला होकार होता. अनधिकृत बांधकामांवर शास्तीकर लागला, उच्च न्यायालयाचे पाडापाडीचे आदेश आले, निवडणुकांत तोच विषय गाजला, आणि २०२३ मध्ये शास्तीकर माफ झाला. नियोजनकार या वस्तीला बेशिस्त म्हणतात. तिने स्वस्तात घरे पुरवली, हेही त्याच दमात नोंदवायला हवे. सरकारी यंत्रणेला त्या प्रमाणात ते साधले नाही.

या लाटेत जुनी घरे गेली, ती मोडकळीस आली म्हणून थोडी आणि वाटण्या झाल्या म्हणून जास्त. चार भावांत एका वाड्याचे चार तुकडे झाले की चौक कोणाच्याच कामाचा राहत नाही. मग एक बाजू पाडून तिथे स्लॅब पडते, लाकूड जुन्या बाजारात जाते, आणि घडीव दगड नव्या पायाच्या भरावात.

देवळांचे निराळे झाले. ती पडली नाहीत, त्यांचा जीर्णोद्धार झाला. जीर्णोद्धार म्हणजे देव तोच ठेवून देऊळ नवे करणे, आणि महाराष्ट्रात ही जुनी, पुण्याची मानलेली प्रथा आहे. जमिनींना भाव आल्यावर वर्गणीला तोटा राहिला नाही. शहरातील गावोगावच्या ग्रामदैवतांवर काँक्रीटचे रंगीत शिखर, खाली ग्रॅनाइटची फरशी, पुढे पत्र्याचा किंवा स्लॅबचा मंडप आला. भक्ताच्या दृष्टीने देवाला चांगले घर मिळाले. वास्तूच्या अभ्यासकाला हाच मोठा तोटा वाटतो. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, मात्र एक चूक निखालस तांत्रिक आहे. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला किंवा दगडांच्या दर्जा सिमेंटने भरल्या, की भिंतीतला ओलावा बाहेर पडत नाही. चुना ओल शोषतो आणि सोडतो. सिमेंट ती कोंडते. काही वर्षांत गिलावा फुगतो, क्षार फुटतात, आतल्या विटांचा भुगा होऊ लागतो. दगडावर तैलरंग फासला की तेच. म्हणूनच जतनकाम करणारे आज पुन्हा चुन्याकडे वळले आहेत. अडचण ही की तो मळणारे हात आता मोजके उरले आहेत.

पिंपरी-चिंचवडमध्ये घर म्हणून जपलेली वास्तू शोधायची तर चिंचवडगावातला चापेकर वाडा पाहावा लागतो. दामोदर चापेकर यांचा जन्म चिंचवडचा, १८६९ चा. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या राजभवनातून परतणाऱ्या रँड या पुण्यातील प्लेग अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर दामोदर, वासुदेव आणि बाळकृष्ण हे तिघे भाऊ व त्यांचे साथी महादेव रानडे १८९८-९९ मध्ये फासावर गेले. त्यांचा पडका वाडा क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीने पुन्हा उभा केला आणि तिथे आता संग्रहालय आहे. काटेकोर जतनशास्त्राच्या कसोटीवर हे मूळ वास्तूचे जतन नव्हे, जुन्या धर्तीवरची पुनर्बांधणी आहे. पण ती झाली म्हणून वाड्याची जागा आणि आकार राहिला.

पिंपळे गुरवला असा वाडा नाही. २०१७ मध्ये पिंपरी-चिंचवडची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली तेव्हा क्षेत्राधारित विकासासाठी पिंपळे गुरव आणि पिंपळे सौदागर हाच भाग घेतला गेला. रस्ते आणि पदपथ नवे झाले. २०२० च्या एकात्मिक विकास नियमावलीत वारसा वास्तूंसाठी तरतूद आहे, पण ती यादीतल्या वास्तूंना लागते आणि साधी शेतकरी घरे क्वचितच यादीत शिरतात. गावठाणातले घर पाडण्याचा मालकाचा हक्क कोणी नाकारत नाही. पाडण्याआधी त्याचा नकाशा काढावा, छायाचित्रे घ्यावीत, खांब-तुळयांची मापे टिपावीत, आणि परवानगीच्या कागदांसोबत ती महापालिकेने जमा करून घ्यावीत. याला खर्च नगण्य आहे आणि गावठाणांत अशी घरे आता थोडीच उरली आहेत.