अर्दबील गालिचा

इराणमधील सफवी काळातील हातविणीचा जगप्रसिद्ध गालिचा. अर्दबील येथील शेख सफीउद्दीन यांच्या दर्ग्यासाठी शाह तहमास्पच्या कारकिर्दीत (१५२४–७६) अशा दोन गालिच्यांची जोडी विणली गेली. त्यांवर मकसूद काशानी हे नाव व हिजरी सन ९४६ (इ. स. १५३९–४०) विणलेले असून त्यासोबत हाफिज या कवीच्या दोन ओळी आहेत.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील गालिचा सु. १०.५ मी. लांब व ५.३ मी. रुंद आहे. त्याचे उभे-आडवे धागे रेशमी, तर लव लोकरीची आहे. लोकर डाळिंबाची साल, नीळ यांसारख्या नैसर्गिक द्रव्यांनी दहा रंगांत रंगवली आहे. १० सेंमी. चौरसात सु. ५,३०० गाठी असल्याने वेलबुट्टीची वळणे अतिशय नाजूक उमटली आहेत. गडद निळ्या भूमीवर मध्यभागी पिवळे पदक, त्याभोवती टोकदार लंबगोल आणि कोपऱ्यांत पदकाचा चतुर्थांश अशी रचना आहे. पदकाच्या दोन्ही बाजूंचे लटकते दिवे आकाराने असमान आहेत; छोट्या दिव्याकडे बसणाऱ्यास दोन्ही सारखे दिसावेत, हा त्यामागील हेतू असल्याचे काही अभ्यासक मानतात.

विल्यम मॉरिस यांच्या शिफारशीनंतर १८९३ मध्ये संग्रहालयाने हा गालिचा २,००० पौंडांना घेतला. त्याच्या दुरुस्तीसाठी जोडीदार गालिच्याचे भाग वापरले गेले. त्यामुळे लॉस अँजेलिसमधील तो दुसरा गालिचा आज किनारीविना व आकाराने लहान आहे. गालिचाकलेची ही अजोड निर्मिती मानली जाते.