मॅट्रिकचा इंग्रजी निबंध आणि भंडारा जिल्हा

इंग्रजी निबंध पाठ करून परीक्षेत उतरविणे ही विद्यार्थ्याच्या आळसाची खूण होय, असे मानण्याचा प्रघात आपल्याकडे जुना आहे. पाठांतर हा दोष आहे हे कोणीही नाकारणार नाही. परंतु त्याचे मूळ विद्यार्थ्याच्या स्वभावात नसून परीक्षेच्या इतिहासात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. निबंधाचा प्रश्न ज्या काळी परीक्षेत रूढ झाला, त्या काळचा विद्यार्थी इतिहास, भूगोल, गणित हे सारे विषय इंग्रजीतूनच शिकत असे. पुढे माध्यम बदलले, विद्यार्थ्याचा सामाजिक थर बदलला. प्रश्न मात्र जागचा हलला नाही. ह्या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचे जे उपाय शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी योजिले, त्यांचाच इतिहास म्हणजे निबंधाच्या ‘तयारी’चा इतिहास होय. भंडारा जिल्हा त्यासाठी निवडण्याचे कारण असे की, तेथे हे अंतर एकपदरी नसून दुपदरी आहे.

तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निवर्तल्यावर नागपूरचे राज्य खालसा झाले आणि भंडारा प्रत्यक्ष इंग्रजी अंमलाखाली आला. १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला तेव्हा तो त्या प्रांताचा एक जिल्हा झाला. मराठी भाषकांच्या शैक्षणिक इतिहासाचा विचार करताना आपली दृष्टी सहजच मुंबई विद्यापीठाकडे वळते. पण वैनगंगेकाठच्या मुलाचा त्या विद्यापीठाशी संबंध नव्हता. त्याचे विद्यापीठ प्रथम कलकत्त्याचे व पुढे अलाहाबादचे. नागपुरास स्टीफन हिस्लॉप ह्यांनी १८४६ मध्ये शाळा काढली, हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये व मॉरिस कॉलेज १८८५ मध्ये निघाले. तरी नागपूर विद्यापीठाची स्थापना होण्यास १९२३ साल उजाडावे लागले. म्हणजे सुमारे साठ वर्षे येथील मराठी मुलाच्या इंग्रजीची परीक्षा मराठी न जाणणाऱ्या प्रांतांतील विद्यापीठे घेत होती.

कलकत्ता विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेसंबंधी एक गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. १८५७ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा काही विषयांची उत्तरे देशी भाषांतून लिहिण्याची मुभा होती. १८६१–६२ च्या नियमांनी ती काढून घेण्यात आली आणि अन्यथा सांगितले नसेल तेथे सर्व उत्तरे इंग्रजीतच लिहावीत असे ठरले. शाळांनी माध्यम ठरवावे आणि परीक्षेने त्यामागून यावे, असा क्रम एरवी स्वाभाविक मानला जाईल. येथे तो उलटा झाला. परीक्षेची भाषा ठरली म्हणून शाळेची भाषा ठरली, आणि माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतून देशी भाषा मागे सरली. मात्र ह्या व्यवस्थेचा एक परिणाम निबंधास अनुकूल होता. जो मुलगा अशोकाचे राज्य आणि त्रिकोणाचे कोन इंग्रजीतून लिहीत होता, त्यास निबंध हा अधिक भार नव्हता. रोजच्याच लेखनाचा तो थोडा लांबट प्रकार होता. शिवाय असे मुलगे थोडे होते, आणि बहुशः लेखनाची परंपरा असलेल्या घरांतून आलेले होते.

निबंध ह्या शब्दाविषयी येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. धर्मशास्त्रात निबंध म्हणजे वचनांचा विषयवार संग्रह. कमलाकर भट्टाचा ‘निर्णयसिंधु’ हा त्या अर्थाने निबंधग्रंथ आहे. तोच शब्द एकोणिसाव्या शतकात इंग्रजी ‘एसे’स लावण्यात आला आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने (१८७४–१८८१) तो पक्का केला. चिपळूणकरांचा निबंध अनेक अंकांतून चाले. त्यात प्रतिपक्ष असे, वाद असे, रागलोभ असे. शाळेत आलेला निबंध दीड पानाचा आणि प्रतिपक्षाविना. संग्रह हा जुना अर्थ मात्र त्यात नकळत शिल्लक राहिला, असे विद्यार्थ्यांच्या निबंधवह्या पाहताना पुष्कळदा मनात येते.

निबंधाच्या तयारीची साधने दोन प्रकारची होती. एक व्याकरणाचे, दुसरे भाषांतराचे. व्याकरणाच्या बाजूस नेस्फील्ड ह्यांची पुस्तके प्रथम आली. हे गृहस्थ वायव्य प्रांत व अयोध्या येथील शिक्षणखात्याचे संचालक होते, आणि १८९५ च्या सुमारास त्यांनी सुरू केलेली व्याकरण-रचनेची पुस्तके भारतीय विद्यार्थ्यांच्या चुका समोर ठेवून लिहिलेली होती. १९३० नंतरच्या दशकात त्यांची जागा रेन व मार्टिन ह्यांच्या व्याकरणाने घेतली, त्यांतील पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेले आणि साहसकथांचे लेखक म्हणून इंग्लंडात अधिक ख्यात. भाषांतराच्या बाजूस तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला पिढ्यान्‌पिढ्या चालली. मराठी वाक्य घ्यावे, त्याचे पद सोडवावे, क्रियापद शेवटून उचलून कर्त्यापाशी आणावे, ही तिची रीत. आज ह्या रीतीस हसण्याची पद्धत पडली आहे. वस्तुतः मराठी व इंग्रजी वाक्यरचनांतील भेद मुलाच्या ध्यानात आणून देणारे तिच्याइतके पद्धतशीर साधन त्या काळी दुसरे नव्हते. तिची मर्यादा वेगळीच होती: ती वाक्यापाशी थांबे. एका वाक्यातून दुसरे कसे निघते, परिच्छेद कोठे संपवावा, हे भाषांतराने शिकविता येत नाही. तेथे शिक्षक फळ्यावर ‘मुद्दे’ लिहून देत आणि विद्यार्थी ते ‘फुलवीत’. मुद्द्यांवरून निबंध ही रीत आजही जिवंत आहे.

१९१७ ते १९१९ ह्या काळात कलकत्ता विद्यापीठाच्या चौकशीसाठी बसलेल्या सॅडलर आयोगाने माध्यमिक परीक्षा विद्यापीठाच्या हातून काढून स्वतंत्र मंडळांकडे द्यावी असा विचार मांडला. मध्य प्रांतात त्यास अनुसरून १९२२ चा हायस्कूल शिक्षणाचा कायदा झाला व मंडळ स्थापन झाले. त्याच दशकात प्रांतातील माध्यमिक शाळांत मराठी व हिंदी ह्या भाषा माध्यम म्हणून येऊ लागल्या. हा बदल सर्वस्वी इष्ट होता. त्याखेरीज भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यातील कास्तकारांची व विणकरांची मुले माध्यमिक शिक्षणात टिकतीच ना. परंतु त्यामुळे इंग्रजी दिवसाच्या पाच-सहा तासांवरून एका तासावर आली. व्यवहारी बुद्धीने पाहता त्याच वेळी इंग्रजीच्या परीक्षेचे स्वरूपही बदलावयास हवे होते. पत्र, सारांश, सूचना, वृत्तान्त असे आटोपशीर लेखन पुढे आणून स्वतंत्र निबंध मागे सारता आला असता. तसे झाले नाही. विषय तेच राहिले: रेल्वे-स्थानकावरील एक तास, वर्तमानपत्रांचे फायदे, छत्रीचे आत्मवृत्त. भंडारा गावचे स्टेशन गावात नाही, वरठीस आहे. साकोली किंवा लाखांदूरकडील मुलाने तेथे एक तास काढला असण्याचा संभव किती, हा प्रश्न परीक्षकास पडण्याचे कारण नव्हते. तो तास मुलास पुस्तकातूनच आणावा लागे.

येथे फिलिप हार्टॉग ह्यांचे स्मरण होते. हे रसायनशास्त्राचे पंडित. सॅडलर आयोगाचे सदस्य, डाक्का विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि १९२९ मध्ये भारतीय शिक्षणावर अहवाल देणाऱ्या समितीचे अध्यक्ष. भारतात येण्यापूर्वीच, १९०७ मध्ये, त्यांनी इंग्रजी लेखनाच्या शिक्षणावर एक पुस्तक लिहिले होते. इंग्लंडातील मुलांनासुद्धा स्वतःच्या मातृभाषेत लिहिता येत नाही, कारण कोणासाठी व कशासाठी लिहावयाचे हे न सांगताच त्यांना निबंध लिहावयास लावतात, असा त्यांचा आक्षेप होता. पुढे १९३५ मध्ये रोड्स ह्यांच्या सहकार्याने त्यांनी परीक्षांचीच परीक्षा केली. त्यातील एक प्रयोग प्रसिद्ध आहे. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका एका वर्षाहून अधिक कालावधीनंतर त्याच १४ परीक्षकांकडे पुन्हा तपासावयास दिल्या. एकूण २१० निर्णयांपैकी ९२ निर्णय बदलले. म्हणजे त्याच परीक्षकाने त्याच विद्यार्थ्यास एकदा एका श्रेणीत व एकदा दुसऱ्या श्रेणीत बसविले. निबंधवजा उत्तर मोजण्याचे माप इतके लवचीक असल्याचे ज्या गृहस्थांनी दाखविले, त्यांना भारतातील मॅट्रिकच्या परीक्षेचा अनुभव चांगलाच होता.

हार्टॉग ह्यांच्या निष्कर्षाचा विद्यार्थ्याच्या बाजूने विचार केला म्हणजे पाठांतराचा अर्थ लागू लागतो. परीक्षक कोण असेल व त्यास काय आवडेल हे विद्यार्थ्यास ठाऊक नसते. स्वतःच्या वाक्यांत चुका होणार हे त्यास ठाऊक असते. अशा वेळी पुस्तकातील निर्दोष निबंधास कोणत्याही परीक्षकाकडून मध्यम गुण तरी पडतात. स्वतंत्र निबंधास एखाद्याकडून अधिक मिळतील, पण दुसऱ्याकडून नापास होण्याचे भय. ज्याच्या घरात मॅट्रिक होणारा तो पहिलाच, आणि जो नापास झाल्यास पुढच्या आषाढ-श्रावणात रोवणीच्या चिखलात उभा राहणार, त्याने मध्यम गुणांचा मार्ग पत्करला तर त्यास आळशी म्हणणे न्यायाचे होणार नाही. त्याने केलेला हिशेब बरोबर आहे.

आता अंतराचा दुसरा पदर. भंडारा हा झाडीपट्टीचा प्रदेश. तेथील झाडीबोलीचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकर प्रभृतींनी केला आहे. ह्या बोलीत ण, ळ, श ही व्यंजने नाहीत. ‘पाणी’ तेथे ‘पानी’ होते. तिच्या शेजारी पोवारी, गोंडी, हिंदी ह्या भाषा नांदतात. शाळेत आलेले मूल प्रथम घरची बोली सोडून प्रमाण मराठी शिकते आणि मग त्या मराठीवरून इंग्रजीत भाषांतर करते. भाषांतर-पाठमालेने गृहीत धरलेली मराठी ही त्याची मातृभाषा नव्हेच. ह्यात एक गमतीची गोष्ट आहे. ‘पानी’ म्हटल्याबद्दल मुलास वर्गात जो बोल लागतो, त्याचा इंग्रजीच्या दृष्टीने काडीचा उपयोग नाही. इंग्रजीत ण नाही आणि ळ-ही नाही. श आणि स ह्यांतील भेद मात्र इंग्रजीत अर्थभेदक आहे. ‘शी’ म्हणजे ती आणि ‘सी’ म्हणजे समुद्र वा पाहणे. हा भेद कानास न पटलेला मुलगा लेखनातही गोंधळतो. बोलीची अशी तुलना शिक्षकापाशी असती तर कोणती चूक समजुतीने सोडून द्यावी व कोणतीवर वेळ खर्च करावा हे त्यास कळले असते. ‘अ’ आणि ‘द’ ह्या उपपदांची अडचण त्याहून मोठी. ती प्रमाण मराठीस आणि बोलीस समानच आहे, कारण दोहोंतही उपपद नाही.

स्वातंत्र्योत्तर काळातील घटना थोडक्यात सांगता येतील. मुंबई राज्यात बाळासाहेब खेर ह्यांच्या मंत्रिमंडळाच्या काळापासून इंग्रजीचा आरंभ आठवीत होत असे; १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ त्या राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. दरम्यान मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये निबंधवजा परीक्षेच्या बेभरवशाच्या मापाकडे पुन्हा बोट दाखविले होते. शिक्षणाचा प्रसार मात्र झपाट्याने झाला. त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच असलेल्या गोंदियास मनोहरभाई पटेल ह्यांनी १९५८ मध्ये शिक्षण संस्था स्थापन केली आणि उच्च शिक्षण जिल्ह्याच्या दारी आणले. (गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १९९९ मध्ये झाला.) विद्यार्थी वाढले, इंग्रजीची वर्षे कमी झाली, आणि मुद्रित मार्गदर्शिका व खाजगी शिकवणी ह्यांचा उदय ह्याच काळातला. दोहोंवर टीका पुष्कळ झाली. पण शाळेच्या तासात जे अंतर तुटत नव्हते ते तोडण्याचे दुसरे साधन कोणी पुरविले, हे टीकाकारांनी सांगितलेले नाही.

१९७५ मध्ये नव्या आकृतिबंधातील दहावीची पहिली परीक्षा झाली आणि अकरावी-बारावी ही कनिष्ठ महाविद्यालयाची वर्षे ठरली. तेव्हापासून एक नवा भेद पडला आहे. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा विज्ञानशाखेत गेला की भौतिक, रसायन, जीवशास्त्र इंग्रजीतून शिकतो. म्हणजे एका अर्थाने तो १८६२ च्या व्यवस्थेत परत जातो. कलाशाखेतील मुलगी मराठीतूनच शिकत राहते. इंग्रजीची प्रश्नपत्रिका दोघांना एकच. लाखनी वा पवनीच्या एकाच कनिष्ठ महाविद्यालयात, एकाच बाकावर, इंग्रजीशी असलेल्या दोन निरनिराळ्या संबंधांची ही मुले बसतात, आणि त्यांची तयारी मात्र एकाच वहीतून करून घेतली जाते. २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आली. पण वर्षांची संख्या वाढल्याने बारावीतील हा भेद नाहीसा झालेला नाही.

बारावीच्या २०२० पासूनच्या ‘युवकभारती’ पाठ्यपुस्तकात जुन्या थाटाचा निबंध जवळजवळ दिसत नाही. त्याच्या जागी कल्पनाविस्तार, भाषण, आवाहन, मुलाखतीचे प्रश्न, चित्रपट-परीक्षण असे प्रकार आले आहेत. कोणासाठी व कशासाठी लिहावयाचे हे त्यांत बहुधा सांगितलेले असते. हार्टॉग ह्यांनी १९०७ मध्ये मागितले होते ते हेच. मालगुजारी तलावातील गाळ काढण्यासाठी श्रमदान करावे असे गावकऱ्यांस आवाहन लिहावयास सांगितले, तर भंडाऱ्याच्या मुलास सांगण्यासारखे काही असते. रेल्वे-स्थानकाबद्दल तसे नव्हते. तथापि बाजारातील अपेक्षित प्रश्नसंचांत आता तयार आवाहने व तयार भाषणेही छापून येतात, आणि ती पाठ करणारी मुले आजही तोच जुना हिशेब करीत असतात.