आईचं गाव आणि अठरा सप्टेंबर

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त आईचं. गेल्या मार्गशीर्षात तिनं हट्ट धरला, "मला एकदा गावाकडं नेऊन आण." आईचं वय ब्याण्णव, माझं बहात्तर. गाव म्हणजे तिचं माहेर, आमचं आजोळ. लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातलं, तेरणेच्या खोऱ्यातलं. मी म्हणालो, "आता तिथं कोण आहे, आई? मामा गेले, मामी गेल्या, वाडा तर भूकंपातच पडला." ती म्हणाली, "मला माणसं न्हाई बगायची. जागा बगायचीय."

निघायच्या आदल्या दिवशी तिनं आणखी एक काम सांगितलं. आमच्या गच्चीवर जुनं तांब्याचं घंगाळ आहे, त्यात तुळस लावलेली. आजोळचा वाडा पडला तेव्हा ढिगाऱ्यातून निघालेलं हे घंगाळ मामांनी आईला दिलं होतं. "तुळस दुसऱ्या कुंडीत लाव, घंगाळ घास आन् गाडीत ठेव." कशाला, म्हणून विचारलं तर बोलली नाही. म्हाताऱ्या माणसाच्या मनात काय येईल सांगता येत नाही, असं म्हणून मी चिंच लावून घंगाळ घासलं. काठावरची नक्षी कितीतरी वर्षांनी उजळली. लहानपणी सुट्टीत आजोळी गेलो की याच घंगाळातल्या पाण्यानं आम्ही भावंडं अंघोळ करायचो.

पुतण्याची गाडी, तोच चालवणार. सकाळी आठला लातूर सोडलं. आई पुढच्या सीटवर, मांडीवर धपाट्यांची पिशवी. औसा गेलं, लामजना गेलं. सोयाबीन निघालेलं होतं, तुरी उभ्या होत्या. आई म्हणाली, "आमच्या टायमाला बैलगाडीनं लातूर मंजे एक मुक्काम." आम्ही दीड तासात पोचणार होतो.

मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. वर्गात मुलांना एक कोडं घालायचो. जागचं न हलता तीन जिल्ह्यांत फिरून आलेलं गाव कोणतं? उत्तर, माझं आजोळ! आई जन्मली तेव्हा निलंगा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बीदर जिल्ह्यात होता. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली आणि तो उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला. उस्मानाबादचं नावही २०२३ पासून धाराशिव झालं आहे.

एवढं सगळं होऊन गावाचा दगड हलला नव्हता. तो हलला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि चारच्या सुमाराला भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासच्या गावांत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्याकडची घरं माळवदाची. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड छत. उन्हाळ्यात गार राहणारी तीच घरं माणसांवर कोसळली. पुढे कित्येक गावं नव्या जागी वसवली, त्यात आमचं आजोळही आलं. म्हणून आता गावं दोन आहेत. नवं गाव, जिथं सिमेंटची घरं आणि सरळ रस्ते आहेत. आणि जुनं गाव, जिथं वेड्या बाभळी आहेत.

आई कधी सन सांगत नाही. तिच्या कालगणनेत चारच खुणा. रझाकारी, पोलिस ॲक्शन, बहात्तरचा दुष्काळ आणि भूकंप. माझा जन्म कधीचा, तर "ॲक्शनीनंतर पाच वर्सांनी". नव्या पिढीतल्या भाचे-पुतण्यांसाठी यातल्या पहिल्या दोन खुणा थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, आपण झालो नाही. निजाम मीर उस्मान अली खान यांनी भारतात सामील व्हायला नकार दिला. हैदराबाद संस्थानात सोळा जिल्हे होते. आठ तेलंगणाचे, पाच मराठवाड्याचे, तीन कानडी. कारभार उर्दूतून चाले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसनं लढा उभारला. दुसरीकडून रझाकारांच्या सशस्त्र टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. त्यांचा पुढारी कासीम रझवी हा आपल्या लातुरात वकिली करणारा. मे १९४८ मध्ये बीदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात त्यांनी मोठी कत्तल केली. रझाकारांविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्टमध्ये हैदराबादेत खून झाला. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. काम फौजेचं, पण नाव पडलं 'पोलिस ॲक्शन'. तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो. फळ्यावर १७ सप्टेंबर लिहून मी खाली रेघ मारायचो. पाठ संपला.

असो. आम्ही जुन्या गावात पोचलो. गाडी लांब लावावी लागली. पुतण्यानं आणि मी आईला दोन्हीकडून धरलं. मला तिथं दगडांच्या राशी आणि काटे यांच्याशिवाय काही दिसत नव्हतं. आई मात्र चालतीबोलती झाली. आधी तिला आड सापडला, बुजलेला. मग आडावरून तिनं सगळं गाव मांडलं. हे देऊळ, ही वेस, हा आपला वाडा. "हितं दार. हितं न्हाणी." मी फोटो काढत होतो. ती वाड्याच्या जागेपाशी फार थांबली नाही. पलीकडच्या एका चौथऱ्यापाशी गेली आणि दगडावर बसली.

"हे मणेराचं घर," ती म्हणाली. "घंगाळ ह्यांचं हाय."

मग तिनं जे सांगितलं ते मी या वयात पहिल्यांदा ऐकलं. तिच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न करतो.

मणेर चाचा गावोगाव बांगड्या विकायचा. आईच्या हातात पहिल्या बांगड्या त्यानंच भरल्या. दोन्ही घरांची भिंत एक होती. ईदचा शिरखुर्मा इकडे यायचा, दिवाळीचा फराळ तिकडे जायचा. शिरखुर्म्याचं दूध आमच्याच घरचं असायचं. गोरट्याची बातमी आली आणि सगळा मुलूख घाबरला. एका रात्री चाचा मागच्या दारानं आला आणि आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना म्हणाला, बायकापोरांना घेऊन जा, दोन दिवसांत इकडे टोळी येणार आहे. आई तेव्हा पंधराची, लग्नाची. त्याच रात्री गाडी जुंपली. आजी, आई आणि धाकटी भावंडं सोलापूरकडच्या नातेवाइकांकडे गेली. सोलापूर संस्थानाबाहेर होतं. आबा आणि एक सालगडी जनावरांसाठी मागे राहिले.

"टोळी आली. धान्याचं पेव उकरलं, दोन बैल नेले. पर आपल्यातलं कुणी गेलं न्हाई. चाचामुळं."

पुढे ॲक्शन झाली. दिवाळीनंतर आई घरी परतली. "शेजारच्या घराला दार न्हवतं. चौकटीसकट काढून नेल्तं. चाचा न्हाई, त्याचा थोरला न्हाई. चाची आन् बारकी पोरगी कुठं गेल्या, कुणी सांगंना. मी आबांला इचारलं. आबा मनले, मारले. कुणी, ते मनले न्हाईत. मी न्हाणीत गेले तर चुलीपाशी घंगाळ. चाचीचं. मी आबांकडं बगितलं. ते मनले, ठेवायला दिलंय."

मी विचारलं, "खरंच दिलं होतं का?"

"काय म्हाईत. चाचीनं जाताना दिलं आसंल. का लुटीतलं हाती लागलं आसंल. आबा वाईट न्हवते रे. पर मी परत इचारलं न्हाई. त्यांनी सांगितलं न्हाई. आन् आपुन सगळे त्यातच न्हालो."

पुतण्या तिकडे तोंड करून उभा राहिला. मला काही सुचेना.

मंडळी, खरं सांगतो. त्या दिवसांत काय झालं हे मला अजिबात ठाऊक नव्हतं असं नाही. निवृत्तीनंतर मी पंडित सुंदरलाल समितीबद्दल वाचलं होतं. १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि त्यांचे सहकारी दिल्लीहून पाठवले गेले आणि संस्थानातल्या सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. पोलिस ॲक्शनच्या वेळी आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज. मेलेले बहुतेक मुसलमान. सगळ्यांत जास्त झळ उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. लातुरात हे वीसेक दिवस चाललं, इथल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार शहरात उरले होते आणि हजारावर मारले गेले होते, असं त्यांनी लिहिलं. शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्यांनी केली. सरकारनं तो अहवाल त्या वेळी प्रसिद्ध केला नाही. लोकांच्या हाती तो पडायला कित्येक दशकं जावी लागली.

वाचलं, आणि पुस्तक मिटून ठेवलं. कुठल्या तरी परक्या मुलखातलं असावं तसं. ज्या गंजगोलाईत मी रोज भाजी आणायला जातो तिच्याच आसपास हे घडलं, हे मी स्वतःला बजावलं नाही. दर १७ सप्टेंबरला झेंड्यासमोर भाषण केलं, हुतात्म्यांची नावं घेतली, रझाकारांचे जुलूम सांगितले. त्यातलं काहीच खोटं नव्हतं आणि आजही नाही. लोक तुरुंगात गेले, गोळ्या खाल्ल्या, गोरटा घडलं. त्या लढ्याबद्दल माझ्या मनातला आदर कमी झालेला नाही. पण अठरा तारखेपासून पुढे काय झालं, ते एकाही वर्षी सांगितलं नाही. आणि ज्या माणसानं आमचं घर वाचवलं तो अठरा तारखेनंतरच्या इतिहासात होता. आई घरात होती. तिला मी कधी विचारलंच नाही. आबांना आईनं विचारलं नाही, आईला मी विचारलं नाही. असंच चालत आलं.

तिथून आम्ही नव्या गावात गेलो. आईला घंगाळ परत द्यायचं होतं, एवढाच तिचा हेतू. तिथल्या मशिदीजवळ दोन-तीन वयस्कर माणसं बसली होती. त्यांनी आईला खुर्ची दिली, चहा मागवला. मी त्यांना मणेरांबद्दल विचारलं. ते आपसात बोलले. त्यांच्या घरातलं गावात कुणी राहिलेलं नाही, एवढंच निघालं. एकानं विचारलं, "कायके वास्ते ढुंढरे, मास्तर?" मी सांगायला तोंड उघडलं आणि आईनंच सांगितलं, सगळं, आबांसकट. ते गप्प ऐकत होते. मग त्यांच्यातला सर्वांत म्हातारा म्हणाला, "आम्माँ, तुमीच ठेवा. तुमच्याकडं हाय तर याद तरी हाय."

घंगाळ पुन्हा डिकीत ठेवलं. परतताना आई झोपली. धपाटे तसेच राहिले.

घरी आल्यावर मी घंगाळ नीट उजेडात पाहिलं. काठावरची ती नक्षी नव्हती, उर्दू अक्षरं होती! भांड्यावर नाव घालायची रीत आपल्यात आहे, तशी त्यांच्यातही. साठ-पासष्ट वर्षं मी त्याला वेलबुट्टी समजत होतो. आबांना उर्दू वाचता येत होतं, जमिनीचे सगळे कागद तेव्हा उर्दूतच असत. म्हणजे त्यांनी ते रोज वाचलं असणार.

लातुरात एक निवृत्त उर्दू शिक्षक माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्याकडे घंगाळ घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून बोट फिरवत वाचलं. एका बाईचं नाव, तिच्या वडिलांचं नाव आणि साल १३३७ फसली. फसली म्हणजे निजामी राज्यातलं सरकारी वर्ष. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९२७-२८. "लग्नातलं आंदण दिसतंय, सर," ते म्हणाले. चाचीला तिच्या वडिलांनी माहेरून दिलेलं.

मी आईला ते नाव सांगितलं. जन्मभर ती तिला चाचीच म्हणत आली होती. तिचं नाव आईला ब्याण्णवाव्या वर्षी कळलं. ते तिनं दोन-तीनदा म्हणून पाहिलं, आणि म्हणाली, "चांगलं नाव हाय."

नाव मी इथं लिहीत नाही, गावाचंही लिहिलं नाही. ते कुटुंब कुठं तरी असेल. ती बारकी पोरगी असली तर आज ऐंशीच्या पुढे असेल. कुणाला काही ठाऊक असेल तर मला जरूर कळवा. घंगाळ त्यांचं आहे. तोवर ते आमच्या बैठकीत आहे, तुळस दुसऱ्या कुंडीत लावली आहे आणि ती जगली आहे.

आणि नातेवाईक मंडळींना एक विनंती. या लिखाणानं कुणाला आबांचा अपमान वाटला तर मला फोन करा, रागवा. पण त्याआधी आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसून विचारा. आता फार थोडी उरली आहेत. येत्या १७ सप्टेंबरला शाळेनं बोलावलं तर मी जाणार आहे. झेंड्याला वंदन करीन, हुतात्म्यांची नावं घेईन, आणि मग मणेर चाचाची गोष्ट सांगेन.