कार्डिस्ट्री म्हणजे काय? पत्ता हवेत उडवून झेलायला कसे शिकतात?

पत्ते हातात फिरवणे, कापणे, पंख्यासारखे उघडणे आणि हवेत उडवून झेलणे या कलेला ‘कार्डिस्ट्री’ म्हणतात. कार्ड आणि आर्टिस्ट्री या इंग्रजी शब्दांपासून हे नाव बनले. यात डाव नसतो, हारजीत नसते आणि जादूसारखे काही लपवायचेही नसते.

सुरुवात कुठून झाली?
अशा करामती मुळात जादूगारांच्या. अमेरिकन जादूगार ख्रिस केनर यांनी १९९२ च्या पुस्तकात ‘सिबिल’ हा दोन्ही हातांनी पत्ते कापण्याचा प्रकार मांडला. पुढे डॅन आणि डेव्ह बक या जुळ्या भावांच्या व्हिडिओंमुळे ही स्वतंत्र कला म्हणून पसरली. २०१४ पासून तिची आंतरराष्ट्रीय संमेलनेही भरू लागली.

पत्ता हवेत सरळ कसा राहतो?
गिरकीमुळे. नुसता फेकलेला पत्ता कोलांट्या खातो. अंगठा आणि मधल्या बोटात धरून, तर्जनी कोपऱ्याला लावून मनगटाचा झटका दिला की पत्ता गरगरतो आणि आडवाच राहतो. थोडा वर रोख धरला, तर वेग संपल्यावर तो हवेवरून घसरत परत येतो.

शिकायचे कसे?
• कॅट कागदी, गुळगुळीत मुलाम्याचा घ्या. पोकर आकाराचा पत्ता सुमारे ६३ × ८८ मिलिमीटर असतो.
• आधी एका हाताने कापायला शिका. याला ‘चार्लिए कट’ म्हणतात. खालचा अर्धा कॅट तळहातावर सोडायचा, तर्जनीने त्याची कड वर ढकलायची आणि वरचा अर्धा त्याखाली येऊ द्यायचा.
• मग एकच पत्ता वीतभर उंच उडवून त्याच हाताने झेला. उंची नंतर वाढवा.
• पलंगावर किंवा सतरंजीवर सराव करा. पत्ते पडणारच, फरशीवर त्यांचे कोपरे लवकर दुमडतात.
• पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि पत्ते चिकटतात. कॅट डबीत ठेवा.
• कुणाच्या तोंडाच्या दिशेने पत्ता फेकू नका. कड डोळ्याला लागू शकते.

हा जुगार आहे का?
नाही. तरीही वऱ्हाडात ‘ताशपत्ते’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे आधी जुगारच येतो. त्यामुळे बडनेऱ्याच्या एखाद्या पोराच्या हातात कॅट दिसला, तर घरच्यांना काळजी वाटणे साहजिक आहे. राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्याचे कलम १२ सार्वजनिक जागी पैसे किंवा मौल्यवान वस्तू लावून पत्ते खेळण्याबद्दल आहे. नुसते पत्ते फिरवण्यात काहीच पणाला लागत नाही.

तरी सरावासाठी घर किंवा मैदानच बरे. बडनेरा जंक्शनच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना कॅट पिशवीतच असू द्या. रुळांवर उडालेला पत्ता उचलायला वाकणे जिवावर बेतू शकते. पत्ता दुसरा मिळतो.