पाणी किती प्यावे? ग्लास मोजण्यापेक्षा तहान ओळखा

'पाणी म्हणजे जीवन' हे वाक्य शाळेच्या फळ्यापासून पाणपोईच्या भिंतीपर्यंत सर्वत्र वाचावयास मिळते. मात्र रोज नेमके किती पाणी प्यावे, असे विचारले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : दिवसाला आठ ग्लास. वातानुकूलित कार्यालयात बसणारा कर्मचारी हा आकडा गाठण्यासाठी तहान नसतानाही बाटली तोंडाला लावतो. त्याच शहरात बसचा वाहक, चौकातील वाहतूक पोलीस, फेरीवाली स्त्री आणि शाळकरी मुलगी तहान लागूनही पाणी पीत नाहीत. आरोग्याच्या दृष्टीने खरी चिंता या दुसऱ्या गटाची आहे.

शरीरातील पाण्याचा हिशेब

प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाण्याचा असतो. स्त्रियांमध्ये हे प्रमाण थोडे कमी, तर नवजात बालकात सुमारे ७५ टक्के असते. रक्ताभिसरण, अन्नाचे पचन, शरीराचे तापमान राखणे, सांध्यांना वंगण पुरविणे आणि टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकणे ही सारी कामे पाण्याच्या आधारे चालतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील जवळजवळ सर्व द्रव शरीर परत शोषून घेते आणि साधारण दीड लिटर मूत्रावाटे बाहेर पडतो. श्वास आणि त्वचा यांवाटे आणखी पाणी जाते. उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याच्या अंगातून तासाभरात एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो.

शरीरातील पाणी कमी होऊ लागले की रक्तातील क्षारांचे प्रमाण किंचित वाढते. मेंदूतील विशिष्ट केंद्राला त्याची सूचना मिळते, 'व्हासोप्रेसिन' हे संप्रेरक स्रवते आणि मूत्रपिंडे पाणी राखून ठेवू लागतात. मूत्राचा रंग गडद होतो आणि तहान लागते. निरोगी माणसात ही व्यवस्था चोख काम करते. प्रश्न उद्भवतो तो तहानेकडे दुर्लक्ष केल्यावर.

आठ ग्लासांचा नियम

या नियमाचे मूळ १९४५ साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने केलेल्या शिफारशीत असावे, असे मानले जाते. प्रौढ व्यक्तीस दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी पुरेसे आहे, असे मंडळाने म्हटले होते. यातील बहुतेक पाणी तयार अन्नातूनच मिळते, असेही तेथे नमूद होते. पुढे आकडा लोकांच्या लक्षात राहिला आणि ही दुसरी बाब मागे पडली. २००२ मध्ये अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ हाइन्झ व्हाल्टिन यांनी उपलब्ध संशोधन तपासले. निरोगी प्रौढांनी आठ ग्लास प्यायलेच पाहिजेत, याला त्यांना शास्त्रीय आधार आढळला नाही.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये स्त्रियांसाठी दिवसाला दोन लिटर आणि पुरुषांसाठी अडीच लिटर हे प्रमाण सुचविले. त्यात अन्नातील पाणीही धरलेले आहे आणि ते सौम्य हवामानासाठी आहे. वरण, आमटी, ताक, कलिंगड, काकडी, इतकेच नव्हे तर चहादेखील या हिशेबात येतो. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात २३ देशांतील ५,६०० हून अधिक व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाण्याची गरज वय, लिंग, हवामान आणि शारीरिक श्रमानुसार बरीच बदलते, असे त्यातून दिसले. त्यामुळे वैशाखात चंद्रपुरात बांधकामावर राबणारा मजूर आणि पावसाळ्यात पुण्यात संगणकासमोर बसणारा अभियंता यांना एकच माप लावता येत नाही.

पुरेशा पाण्याचे सिद्ध झालेले लाभ

पाण्याच्या गुणांविषयी अनेक दावे केले जातात. त्यांतील काहींना मात्र भक्कम पुरावा आहे. पहिला लाभ मुतखड्याच्या रुग्णांना होतो. मूत्र घट्ट झाले की त्यातील क्षारांचे खडे बनतात. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका अभ्यासात एकदा मुतखडा झालेल्या १९९ रुग्णांवर पाच वर्षे लक्ष ठेवण्यात आले. भरपूर पाणी पिणाऱ्या गटात १२ टक्के रुग्णांना पुन्हा खडा झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण २७ टक्के होते.

दुसरा लाभ मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाबाबत आहे. वारंवार असा संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज दीड लिटर पाणी अधिक पिणाऱ्या स्त्रियांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, तर इतर स्त्रियांना ३.२ वेळा. याखेरीज पाणी कमी पडल्याने होणारी डोकेदुखी, थकवा आणि एकाग्रतेचा अभाव पाणी पिताच कमी होतो. कमी पाणी पिणाऱ्यांची बद्धकोष्ठताही पाणी वाढविल्यास सुधारू शकते.

मात्र अधिक पाणी प्यायल्याने प्रत्येक विकार दूर होतो, हा समज चुकीचा आहे. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात जास्त पाणी पिण्याचा सल्ला दिल्याने वर्षभरात मूत्रपिंडाची घसरण थांबली नाही, असे २०१८ मधील कॅनडातील एका अभ्यासात आढळले.

तहान का मारली जाते?

शहरात अनेकजण जाणूनबुजून कमी पाणी पितात. त्यामागचे कारण स्वच्छतागृह हे असते. घरातून सकाळी निघून लोकलने कार्यालय गाठणारी स्त्री वाटेत स्वच्छ शौचालय मिळेल याची खात्री नसल्याने पाणी टाळते. बाजारात दिवसभर बसणाऱ्या भाजीवाल्या, बसवाहक आणि वाहतूक पोलीस यांचीही हीच अडचण असते. शाळेतील अस्वच्छ शौचालयामुळे मुले भरलेली बाटली तशीच घरी आणतात. उन्हाळी लागणे, मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा या तक्रारींना या सवयीमुळे वाव मिळतो. स्त्रियांसाठी मोफत व स्वच्छ मुताऱ्या मिळाव्यात, यासाठी मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' ही मोहीम सुरू झाली, ती याच अनुभवातून. केरळमध्ये २०१९ साली मुलांना पाणी पिण्याची आठवण करून देण्यासाठी शाळांत स्वतंत्र घंटा वाजविण्याचा उपक्रम सुरू झाला. घंटेइतकेच स्वच्छ शौचालयही आवश्यक आहे, हे वेगळे सांगावयास नको.

वृद्धांची गोष्ट आणखी निराळी असते. वयोमानानुसार तहानेची जाणीव मंदावते आणि रात्री उठावे लागू नये म्हणून ते संध्याकाळपासूनच पाणी कमी करतात. त्यांच्या बाबतीत केवळ तहानेवर विसंबून न राहता घरच्यांनी दिवसा ठरावीक वेळी पाणी, ताक किंवा सरबत पुढे करावे.

उन्हाळा आणि उष्माघात

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे 'महाराष्ट्र भूषण' पुरस्कार सोहळा भर उन्हात झाला. त्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. शरीरात पुरेसे पाणी नसल्यास घाम कमी होतो आणि तापमान झपाट्याने वाढते. उन्हात जाण्यापूर्वी आणि तेथे असताना थोड्या थोड्या वेळाने पाणी पिणे आवश्यक ठरते. पन्हे, ताक, कोकम सरबत या पारंपरिक पेयांतून पाण्याबरोबर मीठही मिळते. मात्र पाणी प्यायल्याने उन्हात तासन् तास बसण्याची मुभा मिळत नाही. सावलीची जागा पाणी घेऊ शकत नाही.

अति तेथे माती

मूत्रपिंडे तासाला साधारण एक लिटरपर्यंतच पाणी बाहेर टाकू शकतात. थोड्या वेळात त्याहून बरेच अधिक पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घटते. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ आणि झटके ही त्याची लक्षणे होत. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के धावपटूंचे सोडियम कमी आढळले होते. हृदय निकामी होण्याचा विकार असणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि लघवी वाढविणारी औषधे घेणारे यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

हे लक्षात ठेवा

- मूत्राचा रंग फिकट पिवळा असल्यास पाणी पुरेसे आहे असे समजावे. गडद पिवळा असल्यास पाणी वाढवावे. 'बी' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनीही रंग पिवळाधमक होतो.
- एकदम लिटरभर पिण्यापेक्षा दिवसभरात विभागून प्यावे.
- सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला उन्हाळ्यातही वरचे पाणी देऊ नये. आईच्या दुधातून ते पुरेसे मिळते. आईने मात्र तहानेप्रमाणे भरपूर पाणी प्यावे.
- जुलाब-उलट्या होत असल्यास जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. येथे लहान चहाचा चमचा अभिप्रेत आहे.
- पावसाळ्यात पाणी उकळून प्यावे. दूषित पाणी कितीही प्यायले तरी त्याचा लाभ नाही.
- उष्माघाताने शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये. तिला सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि तातडीने रुग्णालयात हलवावे.